संध्याकाळच्या अभ्यासिकेसाठी संस्था नोंदवून शासकीय अनुदान घ्यावे का? (सोलापूर)

प्रश्न: अशोकचौककर

सर्वांना नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात आम्ही काही मित्रमैत्रिणी शाळकरी मुलांसाठी संध्याकाळची विनामूल्य अभ्यासिका चालवतो. येणारी मुले बहुतांशी यंत्रमाग कामगारांची आणि घरी विड्या वळणाऱ्या मातांची आहेत. एका खोलीच्या घरात आई मांडीवर सूप घेऊन बसलेली असते, पत्र्याच्या मापाने कापलेल्या तेंदूपानांचा ढीग एका बाजूला आणि तंबाखू दुसऱ्या बाजूला असतो, पलीकडच्या भिंतीमागे मागांची खडखड रात्रीपर्यंत थांबत नाही, आणि त्याच खोलीत नववीतल्या मुलीने बीजगणित सोडवावे अशी अपेक्षा असते. अशा मुलांना दोन तास शांत जागा, पुरेसा उजेड आणि काही अडले तर विचारायला मोठे माणूस मिळावे, एवढाच आमचा हेतू आहे. शिकवणारे सारे स्वयंसेवक आहेत. कोणी बँकेत नोकरी करते, कोणी कारखान्यात हिशेब लिहिते, काही जण अजून महाविद्यालयात शिकत आहेत.

आजवर हे काम एका तालमीच्या मागच्या खोलीत चालले. आता तालमीची इमारत नव्याने बांधायची असल्याने ती जागा लवकरच सोडावी लागणार आहे, आणि मुलांची संख्याही खोलीत मावेनाशी झाली आहे. वीजबिल, वह्या, फळा-खडू असा खर्च आम्ही आपापसात वर्गणी काढून भागवतो, परंतु भाड्याची जागा घ्यायची म्हटल्यास वर्गणी पुरणार नाही. एक व्यापारी गृहस्थ चांगली देणगी द्यायला तयार आहेत, पण त्यांना करसवलतीची पावती हवी आहे. प्रभागातले एक कार्यकर्ते सांगतात की संस्था नोंदवा, शासनाच्या भरपूर योजना आहेत, पैशाला तोटा नाही. आमच्यातल्या काहींना मात्र भीती वाटते की एकदा कागदपत्रांच्या मागे लागलो की शिकवणे बाजूला राहील.

आमचे काम अनौपचारिक आहे आणि ते तसेच चांगले चालले आहे असे मला वाटते. तरीही जागेचा प्रश्न खरा आहे. नोंदणी करावी का, केल्यास अनुदान खरोखर मिळते का, आणि मिळाल्यास त्याबरोबर कोणती बंधने येतात, हे ज्यांनी प्रत्यक्ष अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

प्रतिसाद: लेखापरीक्षक

मी सोलापूर आणि परिसरातील धर्मादाय संस्थांचे ऑडिट करतो. आपल्या प्रश्नात नोंदणी आणि अनुदान या दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या आधी वेगळ्या कराव्यात असे सुचवतो. अनुदान घ्यायचे नसले तरी नोंदणी करावी, कारण आज आपली वर्गणी कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यात जमा होत असणार आणि कायद्याच्या दृष्टीने तो पैसा त्या व्यक्तीचाच दिसतो. ती व्यक्ती कितीही सचोटीची असली तरी उद्या तिला काही झाले, तर वारसांकडे जाऊन मुलांच्या वह्यांचे पैसे मागण्याची वेळ येते.

महाराष्ट्रातील रूढ मार्ग असा आहे की, किमान ७ सभासद मिळून १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था नोंदवायची आणि तिचीच पुढे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास म्हणून नोंदणी करायची. दोन्ही कामे धर्मादाय आयुक्तांच्या स्थानिक कार्यालयातच होतात. घटना व नियमावली, पहिल्या सभेचा ठराव, सभासदांची ओळखपत्रे आणि कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचे संमतीपत्र ही मुख्य कागदपत्रे आहेत. घटनेचा नमुना बाजारात तयार मिळतो आणि बहुतेक जण तो डोळे झाकून सही करतात. आपण तसे करू नये. सभासद कोणाला करून घ्यायचे, कार्यकारी मंडळाची मुदत किती, निवडणूक कशी होईल आणि खात्यावर कोणाच्या सह्या चालतील ही चार कलमे सर्वांनी एकत्र बसून स्वतः लिहावीत, कारण संस्थांमधील भांडणे जवळजवळ नेहमी या चार कलमांवरूनच होतात.

त्यानंतर संस्थेच्या नावाने पॅन, बँक खाते आणि प्राप्तिकर खात्याकडील दोन नोंदण्या घ्याव्या लागतात, एक संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी मिळण्यासाठी आणि दुसरी देणगीदाराला वजावट मिळण्यासाठी. नव्या संस्थेला या नोंदण्या प्रथम तात्पुरत्या स्वरूपात ३ वर्षांसाठी मिळतात. आपल्या व्यापारी गृहस्थांना दोन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा ऑनलाइन भरणा करावा लागेल. शिवाय त्यांनी व्यक्ती म्हणून नवी कररचना स्वीकारली असेल, तर ही वजावट त्यांना मुळातच मिळणार नाही.

आता अनुदानाविषयी. केंद्राच्या योजनांसाठी नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद असावी लागते. ती नोंद विनामूल्य होते, त्यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नयेत. बहुतेक योजनांत संस्थेचे मागील दोन-तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागितले जातात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीसाठीही ३ वर्षांचे काम दाखवावे लागते आणि खासदार निधीतून एखाद्या न्यासासाठी काम करायचे झाले तर तो न्यास ३ वर्षांपासून अस्तित्वात असावा लागतो. म्हणजे आपण आज नोंदणी केली, तर अनुदान मागण्याची पात्रता साधारणपणे तीन वर्षांनी येईल. आपल्या कार्यकर्त्यांनी ही बाजू सांगितलेली दिसत नाही.

अनुदान मिळाल्यानंतरची बंधने केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, म्हणजे २०१७ च्या नियमावलीत, स्पष्ट लिहिलेली आहेत. ज्या कामासाठी रक्कम दिली त्यावरच ती खर्च करायची, आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांच्या आत विनियोग प्रमाणपत्र द्यायचे, खात्यात पडून असताना त्या रकमेवर मिळालेले व्याजही सरकारजमा करायचे आणि अनुदानातून घेतलेली मालमत्ता परवानगीशिवाय विकायची नाही. हप्ता लांबला म्हणून मधल्या काळात कर्ज काढावे म्हटले, तर न्यासाला कर्जासाठी धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. संस्थेचा मोठा खर्च शासकीय पैशावर चालत असेल तर ती माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. यातले एकही बंधन मला अन्यायाचे वाटत नाही, कारण पैसा लोकांचा आहे. मात्र ती पाळण्यासाठी आठवड्यातला काही वेळ नियमाने कीर्द आणि व्हाउचर लिहिणारा माणूस तुमच्यात असला पाहिजे. तो नसेल तर अनुदान मागू नका.

प्रतिसाद: वाचनालय चिटणीस, बार्शी तालुका

आमचे सार्वजनिक वाचनालय शासनमान्य आहे आणि अनुदान घेणारी संस्था आतून कशी चालते हे मी जवळून पाहत आलो आहे, म्हणून लिहितो. महाराष्ट्रात लोकांनी उभारलेल्या संस्थेला शासनाने कायद्याने हात दिल्याचे सर्वांत व्यापक उदाहरण सार्वजनिक ग्रंथालयांचेच आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली गावोगावच्या वाचनालयांना मान्यता मिळते, अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात आणि वर्गाप्रमाणे दरवर्षी अनुदान मिळते. हा कायदा नसता तर आमच्यासारख्या लहान गावातले वाचनालय दुसऱ्या पिढीपर्यंत टिकले नसते, हे मी मनापासून सांगतो.

पण अनुदान नेमके कशाला मिळते हे पाहावे. ग्रंथसंख्या, वर्गणीदार सभासद, येणारी वर्तमानपत्रे आणि नियतकालिके, उघडे राहण्याचे तास, दाखल नोंदवहीतली नोंद, ग्रंथपालाची नेमणूक या मोजता येणाऱ्या गोष्टी आहेत आणि तपासणीला येणारे अधिकारी त्याच मोजतात. आमच्याकडे एक निवृत्त शिक्षक रोज संध्याकाळी स्पर्धापरीक्षेच्या मुलांचे इंग्रजी घेतात. त्यांच्या त्या तासाला तपासणीच्या कोणत्याही तक्त्यात रकाना नाही, आणि तो असावा अशी अपेक्षा आम्ही कधी धरली नाही. अनुदान दोन हप्त्यांत येते, त्यातील निम्मी रक्कम वेतनावर जाते, आणि दुसरा हप्ता अनेकदा मार्चच्या तोंडावर येत असल्याने पुस्तकखरेदीची एकच धांदल उडते. ग्रंथपालाला मिळणारे वेतन इतके अपुरे आहे की तो माणूसही अर्धा स्वयंसेवकच म्हणावा लागेल.

२०१२ मध्ये राज्यभरातील ग्रंथालयांची महसूल यंत्रणेमार्फत पडताळणी झाली, तेव्हा कागदावरची वाचनालये उघडी पडली आणि ते योग्यच झाले. त्याचा दुसरा परिणाम असा झाला की नव्या मान्यता आणि दर्जावाढ बराच काळ थांबली, आणि ज्यांनी प्रामाणिकपणे सभासद आणि पुस्तके वाढवली होती त्यांनाही जुन्याच वर्गात राहावे लागले. शासनाच्या एका निर्णयाचा भार सगळ्यांवर सारखाच पडतो. अनुदानावर चालणाऱ्या संस्थेने हे गृहीत धरूनच आपली गरज आखली पाहिजे.

आपल्याला एक सुचवावेसे वाटते. स्वतंत्र अनुदानाच्या मागे लागण्याआधी आपल्या भागातील एखाद्या शासनमान्य वाचनालयाशी बोलून पाहावे. अनेक वाचनालये अभ्यासिका चालवतात, त्यांच्याकडे टेबले आणि दिवे असतात, आणि संध्याकाळी वाचकांची वर्दळ ओसरल्यावर एखादे दालन रिकामे राहते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून, जे १९७२ पासून काम करते आहे, मान्यताप्राप्त ग्रंथालयांना पुस्तकांसाठी आणि फर्निचरसाठी साहाय्य मिळू शकते. त्याचा लाभ वाचनालयाच्या माध्यमातून आपल्या मुलांना होईल. वाचनालयालाही बाल विभागाचे वाचक वाढल्याचे दाखवता येईल. दोन्ही बाजूंचा फायदा असला की अशी सोबत टिकते.

प्रतिसाद: निवृत्त मुख्याध्यापिका

महापालिकेच्या शाळेत मी बरीच वर्षे मुख्याध्यापिका होते. आपली मूळ अडचण जागेची आहे आणि सारी चर्चा पैशाकडे वळली आहे, म्हणून हा प्रतिसाद लिहीत आहे. आपल्या शहरात महापालिकेच्या मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा सर्व माध्यमांच्या शाळा आहेत, आणि त्यातील कित्येक इमारती तर नेमक्या आपल्या मुलांच्या वस्त्यांमध्ये आहेत. संध्याकाळी त्यांना कुलूप असते. तिथे बाके आहेत, फळा आहे, पाणी आहे, स्वच्छतागृह आहे. ही जागा संध्याकाळी दोन तास वापरायला मिळाली, तर भाड्याचा प्रश्नच उरत नाही, आणि हेही शासनाचेच साहाय्य आहे. फक्त ते रोखीत येत नाही.

हे कसे मिळवावे तेही सांगते. शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजे २००९ च्या कायद्याने, प्रत्येक शासकीय शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. आपल्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलांचे पालक त्या समितीत असण्याचा संभव मोठा आहे. प्रथम मुख्याध्यापकांना भेटा, मग समितीच्या बैठकीत विषय मांडून ठराव करून घ्या, आणि ठरावाची प्रत जोडून महापालिकेच्या शिक्षण विभागातील प्रशासन अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पालकांच्या समितीने मागितलेली गोष्ट बाहेरच्या मंडळाने मागितलेल्या गोष्टीपेक्षा लवकर ऐकली जाते.

अर्जात मोघम काही लिहू नका. कोणते वार, किती ते किती, कोणत्या खोल्या, कुलूप कोण उघडणार आणि कोण लावणार, किल्ली कोणाकडे राहणार, विजेचा वाढीव खर्च कोण देणार, बाक मोडले तर दुरुस्ती कोण करणार, मुलींना घरी पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, हे एकेक स्पष्ट लिहा. कोणताही मुख्याध्यापक नकार देतो तो वाईट मनाने देत नाही. रात्री काही विपरीत घडले तर उत्तर आपल्याला द्यावे लागेल, ही त्याची खरी चिंता असते, आणि अर्जातच तिचे उत्तर असेल तर त्याला सही करणे सोपे जाते. शिपाई आपला तास संपल्यावर थांबेल असे गृहीत धरू नका. माझ्या शाळेत अशी परवानगी दिली होती तेव्हा स्वयंसेवकांनी रोज जाताना खोली झाडून फळा पुसून ठेवायचा नियम केला होता. सकाळी येणाऱ्या शिक्षकांना वर्ग स्वच्छ मिळू लागला आणि शाळेतला विरोध आपोआप मावळला.

केंद्राचे विद्यांजली हे पोर्टलही पाहावे. २०२१ पासून ते नव्या स्वरूपात सुरू आहे. शाळा आपली गरज त्यावर नोंदवते आणि व्यक्ती किंवा संस्था स्वयंसेवेसाठी नाव नोंदवू शकतात. मानधन मिळत नाही, परंतु शाळेत येणाऱ्या स्वयंसेवकाची रीतसर नोंद राहते, आणि आजच्या काळात मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची अशी नोंद असावी असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट राहून जाऊ नये. विडी कामगारांच्या मुलांना केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या कल्याण योजनेतून इयत्तेनुसार वार्षिक १,००० ते २५,००० रुपयांपर्यंत शिष्यवृत्ती मिळते. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा लागतो आणि आईचे किंवा वडिलांचे विडी कामगाराचे ओळखपत्र लागते. कितीतरी माता आपली सही तेलुगूत करतात, मराठी-इंग्रजी अर्ज त्यांना परका वाटतो, आधार आणि बँकेतले नाव जुळत नाही म्हणून पैसे अडकतात, आणि अर्जाची मुदत निघून जाते. आपले बँकेतले मित्र एखाद्या रविवारी हे अर्ज भरून देऊ लागले, तर शासनाचा पैसा थेट मुलाच्या खात्यात येईल. त्यासाठी संस्था नोंदवावी लागत नाही की कोणाला विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागत नाही.

प्रतिसाद: सीनाकाठ

मोहोळ तालुक्यातून लिहितो. आमचा विषय वेगळा आहे, तरी पैसे कसे येतात याचा एक नमुना आपल्या उपयोगी पडेल. आमच्या मंडळाने गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत गावच्या तलावातला गाळ काढला. २०२३ मध्ये ही योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा स्वयंसेवी संस्थेला यंत्र आणि इंधनाच्या खर्चापोटी प्रति घनमीटर ३१ रुपये, आणि अल्पभूधारक शेतकऱ्याला गाळ शेतात पसरण्यासाठी एकरी १५,००० रुपये, अडीच एकरांपर्यंत ३७,५०० रुपये, असे दर ठरले. योजना चांगली आहे. पहिल्या पावसानंतर विहिरींना फरक पडतो आणि मुरमाड रानावर काळी माती येते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

मात्र पोकलेनचा मालक आणि डिझेलचा पंप रोजचे पैसे मागतात, आणि शासनाचे पैसे काम झाल्यावर, मोजमाप झाल्यावर, कागद वरपर्यंत जाऊन आल्यावर मिळतात. मधला काळ गावातल्या लोकांनी पदरचे पैसे घालून काढला. ज्या गावात कोणाकडे असे पैसे नव्हते, तिथे गरज अधिक असूनही काम सुरूच झाले नाही. शासनाने अशा योजनांत लहान संस्थांना निम्मी रक्कम आधी दिली पाहिजे, अन्यथा योजना गरिबासाठी असते आणि ती राबवू शकतो तो मात्र सधन गाव. आपण अभ्यासिकेसाठी कोणतीही योजना पाहाल तेव्हा रक्कम किती हे विचारण्याआधी ती कामाआधी मिळते की कामानंतर, हे विचारा.

प्रतिसाद: होटगी रोड

माझे मत वरील सर्वांपेक्षा वेगळे आहे. शासनाचे पैसे घेऊच नका. १९५३ मध्ये केंद्रीय समाज कल्याण मंडळ स्थापन झाले, दुर्गाबाई देशमुख त्याच्या पहिल्या अध्यक्ष होत्या, आणि स्वयंसेवी संस्थांना शासनाने नोकरशाहीच्या हाताखाली न घेता बळ द्यावे हाच त्यामागचा विचार होता. त्या मंडळाच्या साहाय्यावर देशभर बालवाड्या, कुटुंब सल्ला केंद्रे, महिलांचे अभ्यासवर्ग उभे राहिले. २०२२ मध्ये ते मंडळच बंद करण्यात आले. योजनांची नावे बदलतात, त्या एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात, निकष बदलतात, आणि तळाशी काम करणाऱ्या बाईला आपले मानधन का थांबले हे सांगायला कोणी नसते. दोष कोणा एका सरकारचा नाही. शासनाला आपली प्राथमिकता बदलण्याचा अधिकार असतो, परंतु संध्याकाळी दाराशी येऊन उभ्या राहिलेल्या मुलाला तुम्ही तसे सांगू शकत नाही.

सोलापूर हे वर्गणीवर उभे राहिलेले शहर आहे. गड्ड्याच्या यात्रेपासून शिवजयंतीपर्यंत आपल्याकडे गल्लीगल्लीत पावतीपुस्तक फिरते. त्याच लोकांना दरमहा थोडे पैसे अभ्यासिकेसाठी मागा, ते देतील. दर महिन्याला देणारी शंभर घरे ही एका अनुदानापेक्षा भक्कम गोष्ट आहे, आणि ती घरे तुमच्याकडे हिशेबही आपुलकीने मागतील.

प्रतिसाद: वाचनालय चिटणीस, बार्शी तालुका

होटगी रोड यांच्या भावनेचा आदर राखून थोडा मतभेद नोंदवतो. वर्गणी जिथे मिळते तिथे ती घ्यावीच. परंतु वर्गणी वस्तीच्या ऐपतीप्रमाणे जमते. ज्या वस्तीत दिवसभर हजार विड्या वळून हाती येणाऱ्या मजुरीवर घर चालते, तिथली शंभर घरे आणि सधन कॉलनीतली शंभर घरे सारखी वर्गणी देऊ शकत नाहीत. केवळ वर्गणीवर सोडले तर अभ्यासिका जिथे तिची गरज कमी आहे तिथेच चांगली चालेल. माचिसच्या पेटीपासून मोबाइलपर्यंत प्रत्येक खरेदीवर तो विडी कामगारही कर भरतो, त्यामुळे त्याच्या मुलासाठी शासनाकडे मागणे हा त्याचा हक्क आहे, आणि तो आपण आपल्या सोयीसाठी सोडून देऊ नये. मंडळ बंद पडले याचा अर्थ मागणे चुकीचे होते असा होत नाही. २००७ मध्ये केंद्र सरकारने स्वयंसेवी क्षेत्राविषयी राष्ट्रीय धोरण स्वीकारले, त्यात शासनाने या क्षेत्राला स्वायत्तता राखून साहाय्य करावे असेच म्हटले होते. त्या शब्दाला जागायला लावणे हेही आपल्यासारख्यांचे काम आहे.

प्रतिसाद: रासेयो कार्यक्रम अधिकारी

एक छोटी भर घालतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून सुरू आहे आणि तिच्यातील प्रत्येक स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा करणे अपेक्षित असते. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांमध्ये या योजनेची एकके आहेत. आपल्या परिसरातील महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटून अभ्यासिकेचे वेळापत्रक द्या. आम्हाला वृक्षारोपण आणि स्वच्छता यांच्या पलीकडचे, विद्यार्थ्यांना वर्षभर गुंतवून ठेवणारे काम हवेच असते. एकच विनंती आहे की आलेल्या विद्यार्थ्याला नुसते बसवून ठेवू नये. त्याला दोन-तीन मुले नेमून द्यावीत आणि परीक्षेच्या काळात तो येणार नाही हे धरूनच आखणी करावी.

अशोकचौककर

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही काल एकत्र बसून हे सारे प्रतिसाद मोठ्याने वाचले. नोंदणी करायची, महापालिकेच्या शाळेच्या खोलीसाठी समितीमार्फत अर्ज करायचा आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्याचे काम लगेच सुरू करायचे, एवढे ठरले. अनुदानाविषयी एकमत झाले नाही. आमच्यातल्या निम्म्यांना होटगी रोड यांचे म्हणणे पटते आणि मला स्वतःला चिटणीस साहेबांचे. तूर्त तीन वर्षे हिशेब व्यवस्थित ठेवायचे आणि मग निर्णय घ्यायचा असे म्हणून आम्ही उठलो. लेखापरीक्षक साहेबांना दोन शंका विचारायच्या आहेत. नोंदणी होईपर्यंत जमा होणारी वर्गणी कोठे ठेवावी? आणि स्वयंसेवक सतत बदलत असतात, कोणाला नोकरी लागते तर कोणी पुण्याला जाते, तर सात सभासद म्हणून कोणाला घ्यावे?

प्रतिसाद: लेखापरीक्षक

वर्गणी तोपर्यंत दोघांच्या संयुक्त खात्यात ठेवावी आणि त्या खात्यातून दुसरा कोणताही वैयक्तिक व्यवहार करू नये. क्रमांक छापलेले पावतीपुस्तक आजच करून घ्यावे, दहा रुपयांचीही पावती फाडावी, आणि महिन्याचा जमाखर्च अभ्यासिकेच्या भिंतीवर लावावा. व्यापारी गृहस्थांची मोठी देणगी मात्र संस्थेचे खाते उघडेपर्यंत घेऊ नये.

सात सभासदांमध्ये सोलापुरातच राहणारी, बदली न होणारी मंडळी घ्यावीत. शिकवणारे तरुण असतील ते असोत, पण निदान दोन पालक आणि शक्य झाल्यास विडी वळणारी एक माता कार्यकारी मंडळात असावी, कारण संस्था कोणासाठी आहे हे सभेत बसलेल्या प्रत्येकाला समोर दिसत राहते. सर्व एकाच नात्यातले किंवा एकाच गल्लीतले नसावेत. कार्यकारी मंडळात बदल झाला की ९० दिवसांच्या आत चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो, आणि सर्वाधिक संस्था अडकतात त्या इथेच. माणसे बदलतात, कागदावर जुनीच नावे राहतात, आणि पुढे बँक किंवा अनुदान देणारे कार्यालय धर्मादाय कार्यालयाचा परिशिष्ट एकचा उतारा मागते तेव्हा सही करणारे आणि उताऱ्यातले विश्वस्त जुळत नाहीत. राजीनामा आला की त्याच सभेत तो मंजूर करून नव्या नावाचा ठराव लिहावा आणि पुढच्याच आठवड्यात अर्ज द्यावा. घटनेचा मसुदा तयार झाला की येथे कलमे टाका, मी वाचून सूचना देईन.